मुकं साल

तीन वर्षं करगुंडीचा बिरोबा माझ्या प्रोग्रॅमच्या सांगण्यावरून बोलत होता आणि मला त्याचा गर्व होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला बिचारी वगैरे समजायला नको.

माझं नाव मायाक्का धुळा लवटे. पुण्यातल्या एका हवामान संस्थेत मी शास्त्रज्ञ आहे. तिथे मला सगळे डॉक्टर माया म्हणतात, कारण पूर्ण नाव घेताना त्यांना खेड्यात गेल्यासारखं वाटतं. माझे वडील, आबा, करगुंडीच्या बिरोबाचे भाकणूककार होते. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे यात्रा भरते, ढोल वाजतात, भंडारा उधळतो आणि भाकणूककाराच्या अंगात देव येऊन पुढच्या वर्षाचं सांगतो. पाऊस कसा, धान्य कसं, रोगराई कुठे, हिवाळा कसा. बारा तालुक्यांतले मेंढपाळ ते ऐकायला येतात, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या मोबाइलवर ते तासाभरात पोचलेलं असतं.

हा नुसता भाविकपणा नव्हे. दिवाळी झाली की आमचे वाडे मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात. वाडा म्हणजे पाचसहा कुटुंबं, त्यांची घोडी, कुत्री आणि हजारभर मेंढरं, असं भिंती नसलेलं चालतं गाव. माझा धाकटा भाऊ बिरू अशाच एका वाड्याचा म्होरक्या. सह्याद्रीपाशी पोचल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. वरची वाट मोरसड्यावरून जाते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं अठरा किलोमीटरचं उघडं कातळ. गवत चांगलं, शिव्या द्यायला कुणी नाही, तीन मुक्कामांत पलीकडे उतरायचं. पण आडोसा नावालाही नाही. खालची वाट उसाच्या मुलखातून डांबरी रस्त्याने आणि मग घाटाने. पंधरा दिवस लागतात, बांधाबांधावर भांडणं होतात आणि दर खेपेला दहावीस मेंढरं ट्रकखाली जातात.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. हिवाळ्यात सड्यावर आभाळ कोरडं असायचं आणि सगळे वरूनच जायचे. गारा सुरू झाल्या त्या गेल्या दहाबारा वर्षांत.

त्याचं कारण आमच्या सड्यापासून सहासाडेसहा हजार किलोमीटरवर आहे, रशियाच्या उत्तरेला, बॅरेंट्स आणि कारा या दोन समुद्रांत. समुद्रावरचा बर्फ हे एक झाकण असतं. खाली पाणी शून्याच्या जेमतेम खाली, वर हवा उणे पंचवीस. झाकण आहे तोवर पाण्यातली ऊब पाण्यातच राहते. पण बर्फ मागे हटला की ऑक्टोबर-नोव्हेंबरभर ती ऊब आणि वाफ वर जात राहते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा जो पट्टा आहे, तो त्यामुळे वाकतो. एका ठिकाणी उत्तरेकडे वाकला की पुढे कुठेतरी त्याला दक्षिणेकडे वाकावंच लागतं. मग एरवी काश्मीर भिजवून निघून जाणारी हिवाळी वादळं खाली घसरतात, थेट आमच्यापर्यंत. इकडे अरबी समुद्राची दमट हवा तयारच असते. दोन्ही भेटल्या की गारा.

या साखळीवरून शास्त्रज्ञांत अजूनही दोन तट आहेत. काहीजण याला योगायोग म्हणतात. मी दुसऱ्या तटातली. मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो रोज उपग्रहाच्या चित्रात त्या दोन समुद्रांतल्या बर्फाची कडा शोधतो, चाळीस वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि ऑक्टोबरच्या मध्यालाच सांगतो, की येत्या हिवाळ्यात सह्याद्रीवर गारपिटीचा धोका किती.

संस्थेने त्याचं अ‍ॅप काढलं. त्यावर 'गारपिटीची शक्यता बासष्ट टक्के' असं यायचं. बिरूने मला फोन करून विचारलं होतं, "आक्का, बासष्ट टक्के गार म्हंजे मेंढरू किती मरंल?" मी त्याला अर्धा तास संभाव्यता समजावली. तो हूं हूं करत राहिला आणि वरच्या वाटेनेच गेला. त्याचं नशीब म्हणून तो सुटला. त्याच्या मागून चढलेले दोन वाडे सापडले आणि चारशे मेंढरं गेली.

तेव्हा मला ती अक्कल सुचली. भाकणुकीत टक्के नसतात.

हे आबांपुढे मांडलं, तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "देव कुणाच्या बी तोंडानं बोलतो म्हणत्यात. तुझ्या बी बोलंल." आमचं ठरलं, ते आमच्या दोघांतच राहिलं. यात्रेच्या आदल्या दिवशी मी त्यांना प्रोग्रॅमचं उत्तर सांगायचं, ते त्यांनी देवाच्या भाषेत घालायचं. पहिल्या वर्षी गारा सांगितल्या, गारा आल्या. वाडे खालच्या वाटेने गेले होते. दुसऱ्या वर्षी कोरडं सांगितलं, कोरडं गेलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा गारा. सड्यावर एकही माणूस नव्हता. आमचे साहेब, डॉक्टर नाडकर्णी, यांनी वार्षिक अहवालात 'स्थानिक ज्येष्ठांमार्फत प्रसार' असा परिच्छेद घातला आणि खाली आबांचा भंडाऱ्याने पिवळा झालेला फोटो छापला. तो अहवाल करगुंडीत कुणी वाचणार नव्हतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

चौथं वर्ष २०४३.

त्या वर्षी यात्रेला गेले तेव्हा बिरूची बायको रेशमा सव्वा महिन्याची बाळंतीण होती. दुसरं मूल, मुलगा. आदल्या साली खालच्या वाटेवर ट्रकच्या हॉर्नने घोडं बुजलं होतं आणि तिच्या थोरलीचा, पाच वर्षांच्या पोरीचा, हात मोडला होता. तो वाकडाच बसला. मी चुलीपाशी जाऊन बसले तशी भाकरी थापता थापता रेशमा म्हणाली, "वन्सं, यंदा वरनं जाऊ द्या आमास्नी."

"मला काय सांगतेस? देव आबांना सांगेल ते खरं."

ती हसली. "तुम्ही यात्रंला याय लागल्यापासनं देवाचं गारांचं गणित लई पक्कं झालंय. मी काय येडी हाय व्हय?"

मी चपापले. "बिरूला बोललीस?"

"कशाला? त्येस्नी देवाचं ऐकायचं असतंय, बायकांचं न्हाई." तिने भाकरी तव्यावर टाकली. "खरंच सांगते वन्सं, हे एवढंसं पोर घिऊन पंधरा दिस त्या धुरातनं न्हाई जमायचं. वर तीन मुक्काम मी कसं बी काढीन. वाईच बघा की तुमच्या मशिनीत."

बघायचं काही नव्हतं, उत्तर माझ्या पिशवीत होतं. 'हिवाळी वादळांचा धोका : सरासरी. गारपीट : नगण्य.' मला इतका आनंद झाला होता की तिला तिथेच मिठी मारून सांगावंसं वाटत होतं. नुसतं म्हटलं, "बघू."

एक गोष्ट मात्र मला बसमध्येच खटकली होती. त्या आठवड्यातली उपग्रहाची चित्रं मी डोळ्यांनी पाहिली होती. दोन्ही समुद्र सबंध निळे. पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. एवढं उघडं पाणी, आणि धोका सरासरी? मी नाडकर्णींना फोन लावला.

ते म्हणाले, "माया, प्रोग्रॅम तीन वर्षं बरोबर आलाय. आता एका चित्राकडे बघून आपल्याला काय वाटतं त्यावर जायचं, की चाळीस वर्षांच्या नोंदींवर?"

वाक्य फार शास्त्रीय वाटलं. शंका पुण्याला परत गेल्यावर तपासू म्हणून मी ठेवून दिली.

संध्याकाळी आबा देवळामागच्या पारावर चातीवर लोकर कातत बसले होते. मी शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं, "आबा, यंदा हिवाळा साफ आहे. वाडे वरून जाऊ देत."

ते कातत राहिले. मग म्हणाले, "यंदा मला हिवाळ्याचं काय ऐकू येईना."

"म्हणजे?"

"पावसाचं येतंय. ज्वारीचं येतंय. जनावरांच्या रोगाचं येतंय. हिवाळ्याकडं वळलो का गप्प. मुकं सोडावं म्हणतो."

आमच्याकडे त्याला मुकं साल म्हणतात. ज्या गोष्टीबद्दल देव बोलत नाही, तिच्याबद्दल भाकणूककार तोंड उघडत नाही. आणि हिवाळा मुका राहिला की कुठलाही वाडा सड्यावर चढत नाही. ठाऊक नाही, तर लांबची वाट धरायची. माझ्या आजोबांच्या काळात अशी दोन सालं झाली होती म्हणतात. मला हा प्रकार लहानपणापासून हास्यास्पद वाटायचा. देवाला माहीत नाही, असं म्हणायची ही सोय आहे, असं मी कॉलेजात असताना त्यांना ऐकवलंही होतं.

"आबा, मुकं सोडलंत तर बिरू खालून जाईल. रेशमाचं पोर सव्वा महिन्याचं आहे."

"व्हय. ठावं हाय."

"मग? तुम्हाला ऐकू येत नसेल, मला दिसतंय. उपग्रहातून दिसतंय."

हे सरळ खोटं होतं. उपग्रहातून जे दिसत होतं, ते उलटंच सांगत होतं. मी कागदावरचं उत्तर सांगत होते.

आबांनी चाती थांबवली. "न्हाई आलं तर न्हाई म्हणायचं, माया. मदीच आपलं घालायचं न्हाई. माझ्या बापानं एवढंच शिकवलं मला. बाकी सगळं मी ढोलाच्या तालावर शिकलो."

तेव्हा मी ते बोलले. "तीन सालं कोण बोललं, आबा? तेव्हा देव बोलला म्हणून हळद लावून घेतलीत. आता मीच सांगतेय तर मुकं?"

बापाला असं बोलू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी डॉक्टर होते, बरोबर होते आणि घाईत होते. आबांनी चाती लोकरीत गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी माळावर पन्नास हजार माणूस होतं. आबा घुमले, पावसाचं बोलले, ज्वारीचं बोलले, आवाज नेहमीसारखा पोटातून येत होता. हिवाळ्यावर आले आणि थांबले. ढोलवाले थांबले. माणसं वाट बघत राहिली. पुढच्याच रांगेत रेशमा पोराला पदराखाली घेऊन उभी होती. आबांनी गर्दीत मला शोधलं. मी मान हलवली.

"हिवाळा निवळ हाय," आबा म्हणाले. "सड्याला गवत, आभाळाला कोरड. मेंढका वरनं जाईल, वरनं उतरंल."

हे त्यांनी शाळेतलं पोर धडा वाचतं तसं सपाट वाचलं. कुणाच्या ध्यानात आलं नाही. भंडारा उधळला आणि सगळं पिवळं झालं.

पुण्याला आल्यावर एका परिषदेची तयारी होती. मग दिवाळी आली. शंका तपासायची राहून गेली.

बारा डिसेंबरला दुपारी साडेतीनला मी संस्थेच्या कँटीनमध्ये चहा घेत होते. रडारच्या खोलीतून फोन आला, "मॅडम, तुमचा सडा नकाशावर कुठे येतो?" मी धावत गेले. पडद्यावर मोरसड्याच्या डोक्यावर जांभळा डाग बसला होता. आमच्या खुणांत जांभळा म्हणजे लिंबाएवढी गार किंवा त्याहून मोठी. वादळ उत्तरेकडून घसरत आलं होतं, सकाळपासून दिसत होतं आणि अ‍ॅपवर इशाराही गेला होता. पण सड्यावर रेंज नाही. मी बिरूला एकवीस वेळा फोन लावला. नंतर मोबाइलने तो आकडा मला दाखवला.

गारा बावीस मिनिटं पडल्या. वाडा सड्याच्या बरोबर मध्यावर होता, दुसरा मुक्काम. आभाळ भरून आलं म्हणून मेंढरं वाघरीत घातली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. गारांच्या माराने ती एकमेकांवर चढायला लागली, तशी ती गुदमरून मरतील म्हणून रेशमा जाळी कापायला धावली. त्याआधी तिने दोन्ही पोरं घोड्याच्या खोगिराखाली सारून वर घोंगड्या टाकल्या होत्या. पोरं वाचली. तिने जाळी कापलीही. तिच्या डोक्यात गार बसली आणि ती पडली, मग सुटलेली मेंढरं तिच्या अंगावरून गेली. बिरूने तिला पाठीवर घेतलं आणि खालच्या गावाकडे चालत सुटला. तिन्हीसांजेला उतारावरच ती गेली. सातशे मेंढरं मेली, पण त्यांचं मला काही सांगायचं नाही.

करगुंडीत माती झाली. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात माणसं जमली. कुणी आरडाओरडा केला नाही. एक म्हातारा पुढे आला, त्याचाही मुलगा सड्यावर होता आणि हात मोडून आला होता. तो आबांना म्हणाला, "धुळा, देव आला न्हवता तुझ्या अंगात. तोंडात वारं आलं हुतं नुसतं."

मी उठले. तोंड उघडलं. आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बोललो मी. जीभ माझी हुती."

माणसं निघून गेल्यावर मी म्हटलं, "मी सांगते त्यांना. सगळं सांगते."

"काय सांगशील? देवाच्या पारावर तीन सालं मशीन बोलत हुतं? मग मागचं बी जाईल आन् फुडं कुणी कुणाचं ऐकायचं न्हाई." आतल्या खोलीत बिरू भिंतीकडे तोंड करून पडला होता. आबांनी आवाज खाली आणला. "त्येची बायको गेली. आता बाप बी गेल्यातच जमा हाय. भैन तरी ऱ्हाऊ दे त्येला एक."

माझ्यासाठी हे किती सोयीचं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं. मी रडले वगैरे. पण गप्प बसले.

निघताना बिरू मला एसटीपर्यंत पोचवायला आला. गाडी आल्यावर म्हणाला, "आक्का, आबांनी तुला इचारलं न्हाई का गं? एवढं शिकलीस, एवढं मशीन हाय. एक डाव इचारलं असतं तर रेशमा ऱ्हायली असती." मी खिडकीशी बसले होते. तो खालून माझ्याकडे बघत होता. "आता म्हाताऱ्याचं न्हाई ऐकायचो. फुडल्या सालापासनं तू सांगशील तसं."

मी मान हलवली. यात्रेत हलवली होती तशीच.

चूक मला जानेवारीत सापडली. शोधायला चाळीस मिनिटं लागली. २०३७ साली, प्रोग्रॅम नवा असताना, उपग्रहाचं एखाद्या दिवसाचं चित्र मधूनच गहाळ असायचं. त्या दिवशी बर्फाची कडा सापडायची नाही आणि प्रोग्रॅम अडून बसायचा. म्हणून मी एक ओळ लिहिली होती. कडा सापडली नाही, तर तिथे गेल्या चाळीस वर्षांची सरासरी भर. सगळेच असं करतात, विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते. त्या साली ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रोग्रॅमला लागोपाठ चाळीस दिवस कडा सापडली नाही, कारण कडाच नव्हती. दोन्ही समुद्रांत बर्फ उरला नव्हता. प्रोग्रॅमने मुकाट्याने चाळीस ठिकाणी सरासरी भरली. म्हणजे माझ्या लहानपणीचा ऑक्टोबर, भरपूर बर्फाचा. आणि त्यावरून माझ्या लहानपणीचा हिवाळा सांगितला.

आबांना ऐकू आलं नव्हतं, तेव्हा ते तसं म्हणाले होते. माझ्या प्रोग्रॅमला ते म्हणायला मी शिकवलंच नव्हतं.

मी ती ओळ काढली आणि तिच्या जागी 'सांगता येत नाही' असं उत्तर घातलं. संस्थेच्या टिपणात 'इनपुटमधील अपवादात्मक परिस्थिती' असा उल्लेख झाला. नाडकर्णींनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं. फार चांगले आहेत ते.

आबांचा भंडारा त्यानंतर कुणी कपाळाला लावून घेतला नाही. ते देवळात जात राहिले, पारावर कातत राहिले, लोक वळसा घालून जात राहिले. बिरूने मेंढरांसकट बिऱ्हाड सासुरवाडीला हलवलं. भाद्रपदात आबा झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा दारात आठदहा माणसं होती, त्यातली निम्मी देवळाची म्हणून आलेली. बिरूला निरोप दोनदा गेला होता. तो वीस किलोमीटरवर होता. आम्ही दुपारपर्यंत थांबलो, मग उचललं. मडकं मी धरलं.

ऑक्टोबर आला. करगुंडीत यात्रा भरली, पण भाकणूक झाली नाही, कारण सांगणारा नव्हता. दिवाळीनंतर महिन्याभराने एका सकाळी मी ऑफिसात असताना बिरूचा फोन आला. मागे मेंढरांचा गलका होता.

"आक्का, सड्याच्या पायथ्याला हाय आम्ही. सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. तुझं मशीन काय म्हणतंय?"

उत्तर माझ्यासमोर पडद्यावरच होतं. त्या वर्षीही दोन्ही समुद्र सबंध निळे होते.

"सांगता येत नाही, असं म्हणतंय."

"म्हंजे साफ?"

"नाही."

"मग गारा?"

"तसंही नाही, बिरू. त्याला माहीत नाही. मलाही माहीत नाही. असं आधी कधी झालेलंच नाही, तर ताडून कशाशी बघणार?"

तो चिडला. "आबांगत कोड्यात बोलू नगंस. तुझा आकडा असतो, तो सांग. न्हाई तर आम्ही चढतो. गवत लई हाय वर."

एक खोटं बोलायला मला दोन सेकंद पुरली असती. नव्वद टक्के गारा, असं म्हटलं असतं तर तो मुकाट खालून गेला असता आणि मी त्याची शहाणी बहीण राहिले असते. पुढच्या वर्षी पुन्हा फोन आला असता. त्याच्या पुढच्या वर्षीही आला असता. कधीतरी मी पुन्हा साफ म्हटलं असतं आणि तो पुन्हा चढला असता. पोरं घेऊन.

"बिरू, माझ्या मशीनचं ऐकू नकोस. गेल्या साली यात्रेत हिवाळ्याचं जे झालं, ते माझं मशीन बोललं होतं. त्याच्या आधीची तीन सालंही तेच बोललं होतं. गेल्या साली आबांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते मुकं सोडणार होते. मी भांडून त्यांना बोलायला लावलं."

मेंढरं ओरडत होती. कुणीतरी त्याला हाक मारली.

"आबांनी का सांगितलं न्हाई?"

"तुला एक कुणीतरी राहावं म्हणून. मला गप्प बसायला सांगितलं. मी बसले."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. शेवटी तो म्हणाला, "मी त्येंच्या मातीला आलो न्हाई, आक्का."

मग फोन बंद झाला. त्यानंतर त्याने मला कधी फोन केला नाही. वाडा खालच्या वाटेने गेला, हे मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.